३०० चा प्लॅन, मग केबल लावूनही ९४च का?

प्रश्न गोव्यातल्या माशेलच्या एका ताईंचा आहे. चिऱ्यांचे जुने घर, फायबरचा राउटर खाली वळईत, काम करण्याची खोली माडीवर. चिऱ्याच्या भिंतींतून वायफाय वर पोचत नाही म्हणून तीन वर्षांपूर्वी तीसेक मीटर केबल ओढून घेतली. प्लॅन ३०० एमबीपीएसचा. राउटरजवळ उभे राहून मोबाइलवर वायफायने मोजले तर २८० दिसतात. माडीवर कॉम्प्युटरला केबल लावून मोजले तर ९३, ९४, फार तर ९५. चवथीपूर्वी (गणेश चतुर्थीपूर्वी) याच केबलवर २९० मिळत होते, असे त्या म्हणतात. कंपनीचा माणूस दोनदा येऊन "लाइन ओके आहे" सांगून गेला. आता नवा राउटर घ्यायचा का, असे त्यांनी विचारले आहे.

ताई, राउटर घेऊ नका. कंपनीचा माणूस या वेळी खरे बोलला आहे. तुमचा दोष घरातच आहे, आणि तो कुठे शोधायचा हे तुमच्या आकड्यातच लिहिले आहे.

९४ हा आकडा मला इतक्या घरांत भेटला आहे की फोनवर तो ऐकला की मी क्रिम्पिंगचे, म्हणजे केबलच्या टोकाला कनेक्टर दाबून बसवण्याचे, पकड-सामान बॅगेत टाकतो. नेट मंद असले की आकडा साधारण वरखाली होतो: सकाळी १८०, रात्री ६०, पावसात ४०. तुमचा होत नाही. दिवसरात्र ९४ला खिळलेला आहे. याचा अर्थ तुमच्या कॉम्प्युटरची आणि राउटरची जोडणी १००० ऐवजी १०० एमबीपीएसवर ठरली आहे. मग १०० का दिसत नाहीत? डेटा तारेवरून पुडक्यांत जातो, आणि प्रत्येक पुडक्याला पत्ता, तपासणीचा आकडा आणि दोन पुडक्यांमधली मोकळी जागा लागते. पूर्ण भरलेले एक पुडके तारेवर १५३८ बाइटची जागा खाते, त्यात तुमचा माल जास्तीत जास्त १४६० बाइट. भागाकार करा, ९५ टक्क्यांच्या आसपास येतो. हीच जोडणी १००० वर असती तर तिची मर्यादा ९४० च्या आसपास आली असती आणि तुमचा ३०० चा प्लॅन आरामात मावला असता. फाइल डाउनलोड करताना दर सेकंदाला ११ मेगाबाइटच्या आसपास वेग दिसत असेल तर तेही हेच. बाइट आणि बिटमध्ये आठपटीचा फरक असतो, ११ ला आठाने गुणून पाहा.

आता १०० वर का उतरली ते पाहू.

केबलमध्ये आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या पिळलेल्या. १९९५ सालचे १०० एमबीपीएसचे तंत्र त्यातल्या दोनच जोड्या वापरते, म्हणजे कनेक्टरच्या १, २, ३ आणि ६ या पिना. १९९९ मध्ये तांब्याच्या केबलवर गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएस, आले, त्याला चारही जोड्या लागतात. त्यामुळे ४, ५, ७, ८ यांपैकी एखादी तार तुटली, गंजली किंवा नुसती सैल झाली, तरी नेट बंद पडत नाही. दोन्ही टोकांची उपकरणे गिगाबिटचा प्रयत्न करून पाहतात, जमत नाही म्हटल्यावर बरीचशी मुकाट्याने १०० वर उतरतात. घरात कोणाला काही कळत नाही, फक्त "हल्ली नेट स्लो झालंय" एवढेच. काही कार्डे असा समजूतदारपणा दाखवत नाहीत. ती दर मिनिटाला जोडणी तोडत-जोडत बसतात. ते एका अर्थी बरे, कारण माणूस लगेच मेकॅनिकला बोलावतो.

पहिले काम खात्री करण्याचे. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, त्यात इथरनेट उघडा. खाली 'लिंक स्पीड' अशी ओळ दिसेल. तिथे १००/१०० असेल तर माझे निदान बरोबर. १०००/१००० असेल तर थांबा, वाटेत एखादा स्विच (एक केबल अनेक उपकरणांत वाटणारी छोटी पेटी) आहे का ते बघा. लिंक स्पीड फक्त पुढच्या उपकरणापर्यंतचा असतो. कॉम्प्युटरपासून स्विचपर्यंत १००० आणि त्या स्विचपासून राउटरपर्यंत १००, असेही होते. पोटमाळ्यावर टाकून विसरलेला दहा वर्षांपूर्वीचा पाच पोर्टचा स्विच सगळ्या घराला १०० वर धरून ठेवतो. राउटरवरच्या दिव्याच्या रंगावरून अंदाज मात्र बांधू नका, प्रत्येक कंपनीची रंगांची भाषा वेगळी.

दुसरे काम: लॅपटॉप घेऊन खाली या आणि एखाद्या छोट्या, चांगल्या केबलने थेट राउटरला जोडा. लॅपटॉपला लॅन पोर्ट नसेल तर गिगाबिटचा यूएसबी अडॅप्टर लागेल. तो यूएसबी ३ च्या पोर्टमध्येच लावा, नाहीतर अडॅप्टरच आडवा येईल, आणि स्वस्तातले कित्येक अडॅप्टर मुळातच १०० चे असतात. इथे लिंक १००० दाखवू लागली तर राउटरचा पोर्ट निर्दोष आणि भिंतीतली केबल आरोपी. इथेही १०० दाखवली तर केबल दुसऱ्या पोर्टला लावून बघा. फायबरवाल्यांनी दिलेल्या काही पेट्यांत एकच पोर्ट गिगाबिटचा असतो आणि बाकीचे १०० चे. पेटीच्या पाठीवर बारीक अक्षरांत जीई आणि एफई लिहिलेले असते. जीई म्हणजे गिगाबिट, एफई म्हणजे १००. घर झाडताना कोणीतरी केबल काढली आणि शेजारच्या भोकात खुपसली, एवढ्यावरच दुरुस्ती आटोपलेली घरे मी पाहिली आहेत. चवथीला तुमच्याकडेही झाडलोट, रंगरंगोटी झालीच असेल. म्हणून हे आधी बघा, याला पैसे पडत नाहीत.

पोर्ट बरोबर निघाला, तर केबलकडे वळू. माझा अनुभव असा की भिंतीतली केबल मधेच क्वचित मरते. मरते ती टोकाला.

टोकाचा कनेक्टर हातात घ्या आणि उजेडाकडे धरा. तो पारदर्शक असतो, आत आठ रंगीत तारा ओळीने दिसतात. प्रत्येक तार पुढच्या भिंतीला टेकलेली हवी. एखादी दोन मिलिमीटर मागे राहिली असेल तर तिच्यावर दात नीट बसलेला नाही. मग बाहेरचे जाड आवरण कनेक्टरच्या आत शिरून चिमट्याखाली दाबलेले आहे का ते बघा. आवरण बाहेरच संपून नुसत्या रंगीत तारा आत जाताना दिसल्या तर केबल दर वेळी ओढली गेली की ताण त्या नाजूक तारांवर येतो. शेवटी सोनेरी पट्ट्यांकडे बघा. काळपट किंवा हिरवट झाल्या असतील तर उत्तर मिळाले. मोरजी, मांद्रे, हरमल या पट्ट्यात खारी हवा दोन-तीन वर्षांत कनेक्टर खाते. माशेलला समुद्र लांब असला तरी पावसाळ्याचे चार महिने भिंतीला ओल असतेच. नुसते पुसून किंवा खोडरबराने घासून चार दिवस चालते, मग पुन्हा तेच. मी टोकापासून वीतभर केबल कापून टाकतो, कारण आवरणाच्या आत ओलावा तांब्यावरून मागे सरकलेला असतो. कापल्यावर तांबे लालसर चकचकीत दिसले पाहिजे. काळे दिसले तर आणखी वीतभर कापा.

नवा कनेक्टर लावताना रंगांचा क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. कनेक्टरची खुंटी खाली, सोनेरी पट्ट्या वर आणि तोंड तुमच्यापासून लांब धरले की हा क्रम डावीकडून उजवीकडे. दोन्ही टोकांना हाच.

या क्रमात हिरव्या जोडीच्या मधे निळी जोडी बसवली आहे, ती कोणाला तरी गंमत वाटली म्हणून नव्हे. डिचोलीत एका घरी विजेचे काम करणाऱ्या पोराने केबल ओढली होती. त्याला वाटले, जोडी जोडीने सरळ लावले की झाले: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा. दोन्ही टोकांना सारखेच. त्याच्या दिव्यांच्या टेस्टरवर आठही दिवे ओळीने लागत होते, म्हणून तो शपथेवर सांगत होता की केबल उत्तम आहे. नेट मात्र कधी १०० वर, कधी बंद, आणि शेजारच्या खोलीतला पाण्याचा पंप सुरू झाला की हमखास बंद. टेस्टरने खोटे सांगितले नव्हते. तो फक्त इथून वीज गेली की तिथे पोचते का एवढेच बघतो. पिन ३ आणि ६ मिळून एक जोडी होते, आणि त्या दोघींच्या तारा एकमेकींना पिळलेल्या असायलाच हव्यात. पीळ असला की बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच पडतो आणि पलीकडे वजाबाकीत निघून जातो. त्या पोराने ३ वर हिरव्या जोडीतली तार आणि ६ वर निळ्या जोडीतली तार लावली होती. पीळ भलत्याच जोडीदाराशी. दोन कनेक्टर बदलले, वीस मिनिटांत काम झाले. म्हणून टेस्टरचे दिवे लागले की दोष नाही, असे धरू नका. दिवे नाही लागले तर दोष आहे, एवढेच खात्रीने म्हणता येते.

आता केबलच्या जातीबद्दल, कारण दुकानात तुम्हाला कॅट ७ आणि कॅट ८ विकायचा प्रयत्न होईल. गिगाबिट कॅट ५ई वर १०० मीटरपर्यंत धावते. तुमचे तीस मीटर आहेत. केबलवर दर मीटरला जात छापलेली असते, कॅट ५ई किंवा कॅट ६ दिसले की पुरे. कॅट ८ हे डेटा सेंटरमधल्या छोट्या अंतरांसाठी आहे, घरात तिची जाडी आणि किंमत यापलीकडे तुमच्या वाट्याला काही येत नाही. बघायचे ते वेगळेच: आत शुद्ध तांबे आहे की तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम? ब्लेडने एक तार खरवडा. आतूनही लाल निघाली तर तांबे, चंदेरी निघाली तर ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियमचा विद्युतरोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, आणि दोन-चारदा वाकवली की तार कनेक्टरच्या तोंडाशी तुटते. बाहेर आवरण शाबूत, आत तार तुटलेली. अर्ध्या किमतीत ३०५ मीटरचा खोका मिळतो म्हणून कॅमेरे लावणारे ही सर्रास वापरतात, आणि त्यातली उरलेली केबल घराघरांत इंटरनेटसाठी जाते. तुमच्याकडे ही निघाली तर कनेक्टर बदलत बसू नका, केबलच बदला.

चवथीपूर्वी ठीक होते, या तुमच्या वाक्यावर मी जास्त वेळ घालवला. केबल वळईतून माडीवर जाताना माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या वर फळे-फुले टांगण्याच्या चौकटीच्या, जागेजवळून जाते का? कुंडईला एका घरात अगदी असेच झाले होते. केबल दिसू नये म्हणून ती वाशाच्या बाजूने खिळ्यांच्या क्लिपांनी नेलेली. चवथीला त्याच वाशाला माटोळीची चौकट सुंभाने बांधली. नारळाची पेंड, केळ्यांचा घड, सुपारीची शिपटी, मावळिंगे, सगळा भार. सुंभ केबलवरून गेला होता. पाच दिवस तो भार केबलवर आवळून राहिला, आणि एका क्लिपेच्या कडेने आवरण दाबले जाऊन तपकिरी जोडीतली एक तार तुटली. तपकिरी जोडी म्हणजे ७ आणि ८. नेट चालूच राहिले, फक्त १०० वर. घरच्यांच्या ते लक्षात यायला दिवाळी उजाडली, आणि तोवर चवथीचा संबंध कोणाच्या डोक्यात राहिला नव्हता. वाशावर हात फिरवला तेव्हा एका जागी केबल चपटी लागली. तुम्हीही दोन्ही टोके तपासून झाली की शिडी लावून केबलवर बोटे फिरवत जा. चपटेपणा, खिळ्याचा ओरखडा, उंदराचे दात, सगळे बोटांना डोळ्यांपेक्षा आधी कळते.

टोके नवी, केबल अखंड, तरीही १०० असेल तर पोर्टच गेलेला असू शकतो. आपल्याकडे मे महिन्यातल्या संध्याकाळी आणि ऑक्टोबरात विजा पडतात तेव्हा हे होते. फायबर काचेचे, त्यातून वीज येत नाही. ती येते राउटरच्या अडॅप्टरमधून किंवा दोन घरांमध्ये उघड्यावरून ओढलेल्या तांब्याच्या केबलमधून. पोर्ट पूर्ण जळला तर कळते. अर्धवट दुखावला तर दिवा लागतो आणि वेग १०० वर राहतो. गडगडाट सुरू झाला की नुसते बटण बंद करू नका, प्लग आणि लॅनची केबल दोन्ही उपटून ठेवा. अंगणापलीकडच्या खोलीत किंवा बागायतीतल्या घरात नेट न्यायचे असेल तर तिथे तांबे नेऊच नका. फायबर टाका आणि दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची केबल जोडणारी पेटी) लावा.

आणखी एक शक्यता तुम्हाला लागू नाही, तरी सांगतो, कारण तिचा त्रास सर्वांत चमत्कारिक. मडगावला एका मुलाने कुठल्याशा व्हिडिओत बघून नेटवर्क कार्डाच्या सेटिंगमध्ये वेग '१०० फुल डुप्लेक्स' असा स्वतः ठरवून टाकला होता. राउटर मात्र 'ऑटो'वर. समोरचा काही बोलत नाही म्हटल्यावर राउटर हाफ डुप्लेक्स धरतो, म्हणजे एका वेळी एकानेच बोलायचे. कॉम्प्युटर दोन्हीकडून एकदम बोलतो. टकरा होतात, पुडकी फुकट जातात. साधी पाने उघडतात, पण मोठी फाइल चढवायला घेतली की वेग दोन-तीन एमबीपीएसवर कोसळतो. सेटिंग 'ऑटो निगोशिएशन'वर ठेवले की संपले. गिगाबिटला तर ऑटोच लागतो.

टीव्हीला केबल लावून ९४ मिळत असतील तर तो दोष मानू नका. कित्येक स्मार्ट टीव्हींचा लॅन पोर्टच १०० चा असतो आणि ४के चित्रपटाला पंचवीसच्या आत भागते. ऑफिसचे व्हीपीएन चालू ठेवून वेग मोजत असाल तर ते बंद करून मोजा. राउटरला थेट जोडूनही पहाटे २९० आणि रात्री नऊला ६० मिळत असतील, तर मात्र कंपनीला धरा. तारीख-वेळेसकट आठवडाभराचे आकडे लिहून ठेवा, तोंडी तक्रारीला कोणी विचारत नाही.

दुरुस्ती नीट झाली की नाही हे स्पीड टेस्टवर सोडू नका. लिंक १००० झाली का ते बघा, मग कमांड प्रॉम्प्टमधून राउटरच्या पत्त्यावर, बहुतेक घरांत तो १९२.१६८.१.१ असतो, दहा मिनिटे सतत पिंग (राउटरला छोटे पुडके पाठवून उत्तर किती वेळात येते ते बघणे) चालू ठेवा. केबलवर उत्तर एका मिलिसेकंदाच्या आत यायला हवे आणि एकही पुडके हरवता कामा नये. शंभरात दोन हरवली तरी कुठेतरी एक कनेक्टर अजून सैल आहे.

तुमच्यासाठी क्रम असा धरा: आधी पोर्ट बदलून बघणे, मग दोन्ही टोके कापून नवी करणे, मग शिडी. मधे तुटलेली जागा सापडली तर तारा पिळून त्यावर इन्सुलेशन टेप गुंडाळू नका. विजेच्या वायरीला ते चालते, इथे पीळ उलगडला की गिगाबिट गेले. नवी केबल जुन्या केबलच्या टोकाला टेपने घट्ट बांधा आणि दुसऱ्या टोकाकडून जुनी हळूहळू ओढून घ्या, नवी तिच्यामागून भिंतीतून येते. कोपऱ्यावर ती काटकोनात मुडपू नका, निदान इंचभर त्रिज्येचे वळण द्या, आणि विजेच्या पाइपातून तर नेऊच नका. दोन्ही टोकांना मीटरभर केबल जादा गुंडाळून ठेवा. दोन-तीन पावसाळ्यांनी कनेक्टर पुन्हा कापावे लागतील, तेव्हा ती लागेल.